शाळेला जाब विचारणारे पालक

नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यातून वर्षाकाठी दोन स्थलांतरं होतात. दहावीचा निकाल लागला की काही कुटुंबं गादी, पेटी आणि गॅसची शेगडी घेऊन नांदेड किंवा लातूर गाठतात. पोराला 'नीट'ची शिकवणी लावायची असते. आई शहरात खोली करून राहणार आणि बाप गावाकडं शेत बघणार, हे आधीच ठरलेलं असतं. दुसरं स्थलांतर दसरा-दिवाळीच्या सुमारास होतं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, शेळ्या आणि लहान लेकरं ट्रकमध्ये घालून पश्चिम महाराष्ट्रातल्या नाही तर कर्नाटकातल्या साखर कारखान्याकडं निघतात. ती परत येतात तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो आणि शाळेचं वर्ष हातातून गेलेलं असतं.

पहिल्या घराला आपण 'जागरूक पालक' म्हणतो आणि दुसऱ्या घरात 'शिक्षणाबद्दल अनास्था' असल्याचं सांगतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे हेच बोलतात, अधिकारी अहवालात हेच लिहितात आणि गावच्या पारावरही हाच निवाडा होतो. मला तो मुळातून चुकीचा वाटतो. दोन्ही घरांनी आपापल्या ऐपतीप्रमाणं लेकरासाठी जे करता येईल ते केलेलं असतं. दोघांत उणीवही एकच असते. लेकरू जिथं शिकतं तिथं काय चाललंय, यात दोघांनाही बोलायला जागा नसते. एक पैसे भरतो, दुसरा गप्प राहतो. विचारत दोघंही नाहीत.

पालकांनी घरी अभ्यास घ्यावा, मोबाइल काढून घ्यावा, चांगली शिकवणी लावावी, असा उपदेश आपल्याकडं उदंड होतो. या लेखाचं म्हणणं वेगळं आहे. मुलांच्या शिक्षणात पालकांचं सगळ्यात मोठं काम शाळेला प्रश्न विचारण्याचं आहे, तेही एकेकट्यानं नव्हे, मिळून. हे काम अडाणी आईलाही करता येतं आणि कायद्यानं तिला तो अधिकारही दिला आहे. आपण मात्र तिला सहीपुरतं बोलावतो.

'यांनाच शिकायचं नाही' हा आरोप नवा नाही. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. लोकांचीच तशी मागणी नाही, असं म्हणत पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. त्याच्याही जवळपास तीस वर्षं आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली होती. त्या निवेदनाचा रोख पाहण्यासारखा आहे. रयतेच्या कष्टातून सरकारी तिजोरी भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, असा फुल्यांचा सवाल होता. शेतकरी बापाला ते शहाणपण शिकवत बसले नाहीत. त्याच्या पैशाचा हिशेब त्यांनी सरकारकडं मागितला. पालकांची भूमिका काय असावी याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

याच चर्चेत शाहू महाराजांचा दाखला उलट बाजूनं दिला जातो. १९१७ साली कोल्हापूर संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. 'बघा, पालकांना असाच धाक हवा', असं म्हणणारे यातला क्रम विसरतात. महाराजांनी आधी शाळेची आणि पैशाची जबाबदारी दरबारावर घेतली, पालकाला दंड त्यानंतर आला. आपल्या राज्यघटनेतही हाच क्रम आहे. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हा हक्क ठरला आणि ते देण्याचं बंधन शासनावर आलं. त्याच दुरुस्तीनं मुलाला शिक्षणाची संधी देणं हे पालकाचंही मूलभूत कर्तव्य ठरवलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही मुलाला शाळेत घालणं ही पालकाची जबाबदारी म्हणून नोंदलेली आहे, पण ती न पाळणाऱ्याला शिक्षा नाही. कायदा करणाऱ्यांना एवढं कळत होतं की, ज्याच्या हाती काहीच नाही त्याला दंड करून मूल शाळेत येत नाही.

कंधारच्या बाबतीत हा क्रम आणखी ठळक दिसतो. राष्ट्रकूटांच्या काळापासून नाव असलेलं, किल्ल्याचं हे गाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. उच्च शिक्षण उर्दूतून आणि तेही हैदराबादला. १९१८ मध्ये सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ मन्याड नदीकाठच्या कुणब्याच्या पोराला कुठून परवडणार? नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० मध्ये. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ मध्ये आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं १९९४ मध्ये. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पुण्या-मुंबईच्या घरात जी पणजोबांची पदवी असते, तिच्या जागी इथल्या घरात आजोबांचा अंगठा असतो. त्या अंगठ्याला अनास्था म्हणणं हा इतिहासाचा अपमान आहे.

शाळा दारात आली तेव्हा याच भागातल्या आई-बापांनी काय केलं, हेही बघायला हवं. भाई केशवराव धोंडगे यांनी कंधारला जी शिक्षण संस्था काढली तिच्या नावातच 'मोफत' हा शब्द घातला : श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. शेतकरी कामगार पक्षाचा हा माणूस कंधारचा अनेक वर्षं आमदार होता, १९७७ मध्ये नांदेडचा खासदार झाला आणि गुराख्यांचं साहित्य संमेलनही त्यानं भरवलं. २०२३ च्या पहिल्याच दिवशी ते गेले. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याला जे मत ठेवायचं ते ठेवावं. पण गुरं राखणाऱ्याच्या हाती पाटी देताना त्यांनी 'तुझ्या बापाला शिक्षणाची किंमत कळत नाही' असं म्हटलं नाही. किंमतच काढून टाकली. आणि गुरांमागची पोरं शाळेत आली, त्यातून शिक्षक झाले, वकील झाले, ग्रामसेवक झाले. आज तालुक्यात जी पहिली शिकलेली पिढी पन्नाशी-साठीत आहे, तिच्यातली कितीतरी माणसं अशाच गावठाणातल्या शाळांतून वर आली. त्यांच्या आई-बापांना अक्षर येत नव्हतं. शाळा मात्र आपली वाटत होती.

आता ऊसतोडीकडं येऊ. कंधार, लोहा, मुखेड हा बालाघाटाच्या रांगांचा भाग. जमीन हलकी, पाणी कमी, पावसाचा भरवसा नाही. सोयाबीन-कापूस निघाला की गावात काम उरत नाही. मुकादमाची उचल उन्हाळ्या-पावसाळ्यातच खाऊन झालेली असते. ती लग्नाला गेलेली असते, दवाखान्याला गेलेली असते, नाही तर जुनं कर्ज फेडायला. ती फेडण्याचा एकच मार्ग असतो, कोयता. या धंद्यात जोडप्याला एक कोयता धरतात आणि एकट्या माणसाला अर्धा. म्हणजे लेकरासाठी आईनं गावात राहायचं ठरवलं, तर घराची मजुरीच अर्धी होते. मग आई जाते. तान्हं मूल तिच्याबरोबर जातं आणि ते सांभाळायला नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगीही जाते. पोरगी वयात आली की फडावरच्या कोपीत तिला ठेवायची भीती वाटते. म्हातारीजवळ गावात ठेवायचीही भीती वाटते. मग लवकर लग्न उरकलं जातं आणि नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याचा हा आकडा आहे.

या सगळ्यात अनास्था कुठं आहे? हिशेब आहे, आणि तो बरोबर केलेला हिशेब आहे. चुकीची आहे ती परिस्थिती, जिच्यात बरोबर हिशेब केला की मुलगी शाळेतून सुटते. शासनालाही हे कळतं. म्हणून तर स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली : आई-बाप फडावर गेले तरी मूल गावातच आजी-आजोबांकडं किंवा नातेवाइकांकडं राहील आणि जेवणाची सोय शाळेमार्फत होईल. मूल ज्या गावी जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डही निघालं. कागदावर दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण वसतिगृहाची मंजुरी ट्रक निघून गेल्यावर आली तर तिचा उपयोग काय? मुकादमाची गाडी कुठल्या आठवड्यात भरते हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. कार्यालयाला ते दरवर्षी नव्यानं कळतं. इथं पालकांची भूमिका काय असावी? माझ्या मते एकच. ऑगस्टमध्येच वीस-पंचवीस आई-बापांनी मिळून शाळेकडं लेखी मागणी करायची : आमची इतकी लेकरं, अमुक आठवड्यापासून, गावात राहतील, सोय करा. 'लेकरू शिकू द्या' असं विनवायचं नाही. योजनेत जे आहे ते वेळेवर द्या, एवढंच म्हणायचं. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातली जरेवाडी ही अशीच ऊसतोड मजुरांची वाडी. शिक्षक आणि गावकरी एकत्र आले तेव्हा तिथली जिल्हा परिषद शाळा अशी उभी राहिली की बाहेरगावची मुलं तिथं शिकायला येऊ लागली. तिथले आई-बाप इतरांपेक्षा श्रीमंत किंवा जास्त शिकलेले नव्हते.

आता जागरूक म्हणवणाऱ्या पालकाकडं वळू. त्याची चेष्टा करणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे. लातूर पॅटर्न आज शिकवणीच्या फलकांवर दिसतो, पण त्याची सुरुवात महाविद्यालयांत झाली. १९७० साली स्थापन झालेलं राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांसारख्या संस्थांतल्या प्राध्यापकांनी जादा तास घेतले, सराव परीक्षांवर परीक्षा घेतल्या, पेपर तपासून चुका समोर बसवून दाखवल्या. राज्याच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या पोरांची जी मिरास होती ती मराठवाड्यानं मोडली. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या भागाला यानं आत्मविश्वास दिला. हे मोठं काम होतं आणि त्याचं श्रेय शिक्षकांचं आहे.

पुढं प्रवेश परीक्षांचा काळ आला, 'नीट' आली आणि हीच मेहनत महाविद्यालयाच्या वर्गातून उठून भाड्याच्या हॉलमध्ये गेली. लातूरच्या उद्योग भवनाचा परिसर आणि नांदेडच्या कितीतरी वसाहती शिकवणी, मेस, अभ्यासिका आणि भाड्याच्या खोल्यांवर जगू लागल्या. २०२४ साली 'नीट'साठी देशभरातून सुमारे चोवीस लाख मुलांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत. म्हणजे ज्या फीत कंधारच्या शेतकऱ्याचं पोर डॉक्टर होऊ शकेल अशी जागा साधारण चाळीस-पंचेचाळीस मुलांमागं एक. हे गणित शिकवणीच्या फलकावर कुठंही नसतं. तिथं निवड झालेल्यांचे फोटो असतात. त्याच वर्षी पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत येऊन पोहोचला, तेव्हा सगळ्यात जास्त हादरले ते प्रामाणिकपणे पोटाला चिमटा घेऊन फी भरणारे पालक.

या पालकाला त्याच्या पैशाच्या बदल्यात काय अधिकार मिळतो? दर आठवड्याला मोबाइलवर गुण येतात. पोरगा मागच्या बाकावरच्या तुकडीत ढकलला गेला तर त्याचा संदेश येतो. पण एका हॉलमध्ये किती मुलं बसवता, पाया कच्चा असलेल्या मुलासाठी वेगळं काय करता, निवड न झालेल्या मुलांचं पुढं काय होतं, हे विचारायला तिथं ना बैठक आहे ना समिती. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं सांगितलं. तरी आठवी-नववीपासूनच्या 'फाउंडेशन' तुकड्यांची जाहिरात दिसतेच. कारण तिथं पालक गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईकाला पटलं नाही तर तो दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो, पण दुकान कसं चालावं हे तो ठरवू शकत नाही.

इथं एक विचित्र गोष्ट लक्षात येते. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानं शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली, पण विनाअनुदानित खासगी शाळांना ती लागू नाही. तिथं २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याचा मुख्य विषय फी. शिकवणी वर्गांत तर तेवढंही नाही. जिल्हा परिषदेच्या फुकटच्या शाळेत मात्र समितीचे पंचाहत्तर टक्के सदस्य पालकच असावे लागतात, निम्म्या बायका असाव्या लागतात, दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. म्हणजे एक पैसाही न भरणाऱ्या ऊसतोड कामगार आईला शाळेच्या कारभारात जो कायदेशीर अधिकार आहे, तो लाखभर रुपये भरणाऱ्या बापाला शिकवणीत नाही. आपण उलटं समजत आलो : पैसे भरले की हक्क येतो आणि फुकटच्या शाळेत बोलायचं नसतं.

'पण मुलाचं यश शेवटी घरावरच असतं', असं म्हणणाऱ्यांकडं एक भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञानं शाळांचा प्रचंड मोठा अभ्यास केला. मुलांच्या यशातला फरक शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी जास्त जोडलेला आहे, असं त्यातून निघालं. हे खरं मानलं तरी त्याचा अर्थ काय घ्यायचा? सगळं घरावर सोपवलं, तर ज्याचं घर शिकलेलं त्याचं पोर पुढं आणि ज्याचं घर कोपीत त्याचं पोर मागं, हीच रांग पिढ्यान् पिढ्या राहील. घर इतकं प्रभावी आहे म्हणूनच शाळा सक्षम हवी. नाही तर शाळा म्हणजे घरच्या विषमतेवर सरकारी शिक्का एवढंच उरतं.

महाराष्ट्राला पालकत्वाचं सर्वांत परिचित उदाहरण डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचं. परळच्या एका खोलीत पोरासाठी जागा व्हावी म्हणून रात्री स्वतः जागायचं आणि पहाटे दोनला त्याला अभ्यासाला उठवायचं, पुस्तकासाठी लेकींकडून दागिने मागून गहाण टाकायचे, असा हा बाप. त्यांच्याबद्दल बोलताना दोन गोष्टी मात्र गाळल्या जातात. रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले होते. फौजेनं शिकवलं म्हणून ते शिकवू शकले. आणि इतका बाप पाठीशी असूनही भीमरावांचं बी.ए. पूर्ण व्हायला आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जायला सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती लागली. त्याच वर्षी फेब्रुवारीत रामजी वारले होते. असामान्य बाप आणि असामान्य मुलगा यांनाही सार्वजनिक मदतीचा हात लागला. मग सामान्य बापाकडून आणि सामान्य पोराकडून आपण सगळं एकट्यानं करण्याची अपेक्षा कोणत्या तोंडानं करतो?

याचा अर्थ घरात काही करायचं नाही असा नाही. अक्षर न येणाऱ्या आईलाही पुष्कळ करता येतं आणि त्यातलं बरंचसं ती करतेच. लेकरू रोज वेळेवर उठून शाळेत जाईल हे बघणं. रात्री 'आज काय झालं ते सांग' म्हणणं आणि ते ऐकणं. पोरीच्या हातातला हंडा आणि झाडू दोन तास पोराच्या हातात देणं. नापास झालं म्हणून शेजारच्या पोराशी तुलना न करणं. दहावीनंतर काय करायचं हे ठरवताना ज्याला करायचं आहे त्यालाच विचारणं, कारण 'नीट'च्या खोलीत गेलेल्या कितीतरी मुलांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचं अभियान झालं. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गावोगाव गट केले, त्यांना घरच्याच वस्तूंनी करायच्या कृती दिल्या : धान्य वेगळं करणं, पानं मोजणं, गोष्ट सांगणं. यात आयांना मास्तरीण व्हायला सांगितलं नव्हतं. त्या जे आधीच करत होत्या त्याला शाळेनं पहिल्यांदा शिक्षण म्हटलं. असे गट पहिलीच्या दारातच विरून न जाता सातवीपर्यंत टिकले, तर ती मोठी ताकद होईल.

तरीही मूळ प्रश्न व्यवस्थापन समितीचा आहे. ही समिती आज बहुतेक ठिकाणी रजिस्टरमध्ये जगते. मुख्याध्यापक ठराव लिहितात, शिपाई किंवा एखादा विद्यार्थी वही घरोघर नेतो, सह्या-अंगठे गोळा होतात. अध्यक्ष पालकांमधलाच असतो, पण कोण असावा हे गावातला पुढारी ठरवतो. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा बसतो. कारणंही सरळ आहेत. बैठक सकाळी अकराला असते आणि त्या वेळी मजुरी बुडते. शाळा विकास आराखडा, अनुदान, उपयोगिता प्रमाणपत्र असले शब्द फेकले की समोरचा गप्प होतो. आणि 'मास्तरला बोललो तर तो लेकरावर राग काढील' ही भीती असते. तिला कुणीही मनावर घेत नाही, पण ती खरी आहे.

'अडाणी माणूस शाळेला काय विचारणार?' असा सवाल या ठिकाणी हमखास येतो. विचारण्यासाठी पदवी लागत नाही. माझं पोर चौथीत आहे, ते एक पान न अडखळता वाचतं का? वाचत नसेल तर पुढच्या तीन महिन्यांत तुम्ही काय करणार? या महिन्यात गुरुजी किती दिवस शाळेबाहेरच्या कामाला होते आणि ते काम कुणी लावलं? शाळेला आलेल्या पैशातून काय घेतलं? तांड्यावरच्या बंजारा लेकरांना त्यांच्या गोरमाटी बोलीतून समजावून सांगणारं कुणी आहे का? हे प्रश्न विचारायला बाराखडीसुद्धा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं २४ वं कलम तर मुलाची हजेरी, प्रगती आणि शिकण्याची क्षमता पालकांना नियमित भेटून सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्यच ठरवतं. म्हणजे प्रश्न विचारणारी आई आगाऊपणा करत नाही. तिला जे सांगणं बंधनकारक आहे तेच ती मागते आहे.

यावर शिक्षकांची बाजू ऐकायला हवी. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीचं काम यांतून त्यांना वर्गात जायला वेळ उरत नाही आणि त्यात पालकांनी धारेवर धरलं तर शिकवायचं कधी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण याचं उत्तरही पालकांकडंच आहे. आमच्या गुरुजींना वर्गातून उठवू नका, असं वरच्या कार्यालयाला ठणकावून सांगू शकणारा एकमेव घटक म्हणजे संघटित पालक. शिक्षक बोलला तर त्याची बदली होऊ शकते, आईची बदली कुणी करू शकत नाही. दुसरी भीती गावच्या राजकारणाची. समितीला ताकद आली की तिथंही भावकी आणि पक्ष शिरतील. शिरतीलच. ग्रामपंचायतीतही ते शिरले आहेत, म्हणून आपण ग्रामपंचायत बंद केली नाही. बैठका उघड्यावर घ्या, हिशेब मोठ्यानं वाचून दाखवा, वंचितांच्या जागा खरोखर वंचितांनाच द्या. राजकारणावर उतारा तोच आहे.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड आहे. बोलू शकणारे पालक आधीच शाळा सोडून गेले आहेत. सरपंच, शिक्षक, दुकानदार, कृषी सेवा केंद्राचा मालक यांची मुलं गावच्या शाळेत नाहीत. ती व्हॅननं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेलं सूत्र इथं तंतोतंत लागू पडतं. संस्था ढासळू लागली की माणसापुढं दोन वाटा असतात, बाहेर पडणं किंवा आवाज उठवणं. ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा असतो तेच आधी बाहेर पडले, तर आत उरलेल्यांचं ऐकायला कुणी राहत नाही. याचा परिणाम आकड्यांत उतरतो. पट घटला की शिक्षकाची जागा जाते आणि शिक्षक कमी झाला की आणखी चार जण मुलं काढून नेतात. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव शासनानं मागवले, तेव्हा वाड्या-तांड्यांवर जो धसका बसला तो याच गळतीचा शेवट होता. आपलं मूल कुठं शिकवायचं हा खासगी निर्णय आहे, असं आपण म्हणतो. पण शंभर खासगी निर्णयांची बेरीज शेजारणीच्या मुलाची शाळा बंद करते.

म्हणून 'चांगला पालक' मोजण्याची आपली फूटपट्टी बदलायला हवी. कुणी किती फी भरली, कुठं खोली केली, पोराला किती गुण पडले यावरून ती ठरू नये. मूल कंधारात शिको वा लातुरात, तिथल्या व्यवस्थेला पालकानं काय विचारलं आणि कुणाला बरोबर घेऊन विचारलं, हे बघावं. शहरात खोली करून राहणाऱ्या आयांनीही हे करावं. एका शिकवणीत शेकडो मुलं असतील तर त्यांच्या शेकडो आया त्याच गल्लीत राहतात. त्या एकत्र बसल्या तर मागच्या बाकावरच्या मुलांसाठी वेगळा तास मागणं अशक्य नाही.

शासनानं करायच्या गोष्टीही फार खर्चाच्या नाहीत. समितीची बैठक मजूर घरी परतल्यावर, संध्याकाळी घ्यावी आणि ती शाळेतच होण्याऐवजी कधी तांड्यावर, कधी वस्तीवर व्हावी. बैठकीला येणाऱ्या मजूर सदस्याला बुडालेल्या वेळेचा भत्ता द्यावा. ग्रामसभेला जसा सभेचा खर्च मान्य असतो तसा याही सभेला असावा. वर्षातून एकदा मुलांनी आई-बापांसमोर मोठ्यानं वाचून दाखवावं, म्हणजे प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीमागं काय आहे ते ऐकू येईल. आणि हंगामी वसतिगृहाची मंजुरी ऑगस्टमध्येच व्हावी. ती वेळेत झाली नाही तर उशीर का झाला याचं लेखी उत्तर समितीला मिळावं.

यातलं काहीच झालं नाही तरी कायदा पालकांच्या हातात आहेच. नवी समिती निवडायला पालकसभा बोलावली जाते, तिची नोटीस शाळेच्या फळ्यावर लागते आणि नेहमीप्रमाणं दहा-बारा माणसं जमतात. यंदा तिथं साठ जण गेले, त्यांतले तीस जण ऊसतोडीला जाणारे असले आणि अध्यक्ष म्हणून एखाद्या कोयता चालवणाऱ्या बाईचं नाव कुणी सुचवलं, तर 'पालकांची अनास्था' हा शब्द त्या शाळेच्या अहवालातून कायमचा जाईल. मग अहवालात उत्तरं लिहावी लागतील.